नवं कार्ड, जुना मॉनिटर: १०८०पी, १४४०पी की फोर-के? (प्रकल्प नोंदी)

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. दसरा

सकाळी कॅबिनेटला झेंडूचं फूल वाहिलं आणि दुपारी जुनं ग्राफिक्स कार्ड, जीटीएक्स १६६० सुपर, काढून आरटीएक्स ४०७० सुपर बसवलं. कार्डाची मेमरी सहा जीबीवरून १२ जीबीवर आली. कार्डाची वीज १२५ वॅटवरून २२० वॅटवर गेली. पॉवर सप्लाय ६५० वॅटचा आहे, तो मागच्याच वर्षी बदलला होता. खोक्यातल्या अडॅप्टरला दोन आठ-पिनी वायरी लावल्या आणि सोळा-पिनी टोक कार्डात पूर्ण आत जाईपर्यंत दाबलं. तिथे फट राहिली तर टोक तापतं, म्हणून टॉर्च लावून दोनदा पाहिलं.

बाकी सगळं जुनंच: रायझन ५ ५६००, १६ जीबी रॅम, बी४५० बोर्ड. बोर्ड आणि कार्ड यांतली जोडणी जुनी, पीसीआयई ३.० ची आहे, पण कार्ड तिच्या सोळाही वाटा (लेन) वापरतं, त्यामुळे नुकसान किरकोळ.

संध्याकाळी गेम लावला आणि तिथेच अडलो. मॉनिटर २४ इंची, १०८०पी, ७५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलणारा. कार्डाने सेकंदाला ११० फ्रेम, म्हणजे चित्रं, काढल्या तरी डोळ्यांपर्यंत ७५च पोचतात. मॉनिटर बदलायचा हे आधीच ठरलेलं होतं. आता कोणत्या रिझोल्यूशनचा, ते ठरवायचं आहे. त्यासाठी ही वही. बजेट ३० हजारांच्या आत.

१३ ऑक्टोबर, रविवार

आधी आकडेमोड. कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये किती ठिपके रंगवायचे आहेत?

१०८०पी: १९२० × १०८० = २०.७४ लाख
१४४०पी: २५६० × १४४० = ३६.८६ लाख
फोर-के: ३८४० × २१६० = ८२.९४ लाख

पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना काम १.७८ पट होतं, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर २.२५ पट. म्हणजे वरची पायरी खालच्या पायरीपेक्षा उंच आहे. नावं ऐकून उलटं वाटतं: १०८०, १४४०, २१६०, जणू जिन्याच्या सारख्या पायऱ्या. पण नावातला आकडा फक्त उंचीचा. ठिपके उंची गुणिले रुंदीने वाढतात.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आजचा दिवस कामाचा गेला. मॉनिटर विकत घेण्याआधीच कार्डाची परीक्षा घेता येते, हे लोक फार कमी वापरतात. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डीएसआर नावाची सोय आहे. कार्ड चित्र मोठ्या रिझोल्यूशनमध्ये काढतं आणि मग ते आक्रसून तुमच्याच मॉनिटरवर दाखवतं. २०१४ पासून ही सोय आहे. एएमडीच्या कार्डांत तिलाच व्हीएसआर म्हणतात. डीएसआरच्या यादीत १.७८ आणि ४.०० असे गुणक दिसतात. १.७८ म्हणजे परवाच्या आकडेमोडीतलं १४४०पी आणि ४.०० म्हणजे फोर-के. दोन्हींवर खूण केली.

पहिला अर्धा तास वाया गेला. गेमच्या सेटिंगमध्ये १४४०पीचा पर्यायच दिसेना. काही गेम डेस्कटॉपचं रिझोल्यूशन हीच कमाल मर्यादा धरतात. आधी विंडोजचं रिझोल्यूशन २५६० × १४४० केलं, मग गेम उघडला, तेव्हा पर्याय आला. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) बंद ठेवायला विसरू नका, नाहीतर सगळे आकडे ७५ वर येऊन थांबतात.

सायबरपंक २०७७ या गेममध्ये स्वतःचं बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची चाचणी आहे, दर वेळी तीच फेरी, म्हणून तो घेतला. अल्ट्रा सेटिंग, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा जड हिशोब) बंद, प्रत्येकी तीन फेऱ्या, सरासरी:

१०८०पी: ११२ फ्रेम, कार्डाचा वापर ७८ टक्क्यांच्या आसपास
१४४०पी: ९० फ्रेम, वापर ९८ टक्के
फोर-के: ४२ फ्रेम, वापर ९९ टक्के

पहिल्या ओळीत फ्रेमपेक्षा दुसरा आकडा जास्त सांगून जातो. १०८०पीवर कार्ड पाव वेळ रिकामं बसलं आहे. प्रोसेसर त्याला पुरेशा वेगाने काम देऊ शकत नाही. मग १४४०पीला गेल्यावर काम १.७८ पट झालं, पण फ्रेम मात्र पाचव्या हिश्श्यानेच कमी झाल्या. कार्डाचा रिकामा वेळ तिथे कामी आला. माझा प्रोसेसर आणि हे कार्ड यांची जोडी १४४०पीवर जुळते. १०८०पीवर राहिलो तर दसऱ्याला दिलेल्या पैशांचा चौथा हिस्सा वाया.

मग डीएलएसएस, म्हणजे छोटं चित्र काढून ते मोठं करण्याची एनव्हिडियाची सोय, लावून पाहिलं. फोर-के आणि क्वालिटी मोड म्हणजे कार्ड आतून १४४०पीच काढतं आणि वरचा तपशील भरून फोर-के करतं. ७० फ्रेम मिळाल्या. हे काही वाईट नाही. १४४०पी आणि क्वालिटी केलं तर आतून ९६०पी. मिळाल्या ११०, म्हणजे परत तीच प्रोसेसरची भिंत. या भिंतीला कार्ड बदलून काही होत नाही, रिझोल्यूशन उतरवून तर नाहीच.

फोर-केवर रे ट्रेसिंग चालू केल्यावर मेमरी ११ जीबीपर्यंत भरली. १२ पैकी ११. आज पुरते आहे. तीन वर्षांनी येणाऱ्या गेमला पुरेल असं मी तरी धरून चालणार नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

विषयाला सोडून वाटेल, पण नाही. रात्री नऊला वीज गेली. युपीएसने एकदा लांब आवाज काढला आणि दुसऱ्या क्षणी सगळं बंद. युपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅटचा. जुन्या कार्डावर तो पाच मिनिटं तग धरायचा. आता कार्ड २२०, प्रोसेसर ७५ च्या घरात, बोर्ड, पंखे, डिस्क, पॉवर सप्लायमधली गळती आणि मॉनिटर मिळून ४०० कडे जातं.

याचा रिझोल्यूशनशी संबंध असा की फोर-केवर कार्ड जवळजवळ कायम पूर्ण वीज ओढतं. १४४०पीवर फ्रेमला मर्यादा घातली तर हलक्या गेममध्ये ते बरंच खाली राहतं. डोंबिवलीत आमच्या भागात वीज अधूनमधून जाते, त्यामुळे हा फरक मला रोज दिसणार आहे. १००० व्हीए, ६०० वॅटचा युपीएस लागेल. तो खर्च वेगळा, या ३० हजारांतला नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

आजपासून या प्रकल्पात दोघं आहोत. धाकटी बहीण अक्षरजुळणी करते. सध्या एका दिवाळी अंकाची पानं लावते आहे, दिवसाला पाच-सहा तास याच मशीनवर. मी खेळतो रात्री, दीड तास. ती म्हणाली, "दादा, तू ठिपके मोजतोयस ते ठीक, पण मला त्या ठिपक्यांत रफार दिसायला हवा."

बरोबर आहे तिचं. मी इतके दिवस फक्त कार्डाला विचारत होतो.

१२ पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा भाग. पान खऱ्या आकारात पाहिलं तर त्या एका अक्षराच्या उंचीला किती ठिपके मिळतात?

आत्ताचा २४ इंची १०८०पी (इंचाला ९२ ठिपके): १५
२७ इंची १०८०पी (८२): १४ सुद्धा नाहीत
२७ इंची १४४०पी (१०९): १८
२७ इंची फोर-के (१६३): २७

रोमन अक्षराला पंधरा ठिपके पुरतात. देवनागरीत त्याच उंचीत वरची मात्रा, शिरोरेघ, अक्षराचं अंग आणि खालचा उकार बसवायचा असतो. 'द्ध' आणि 'ध्द' यांतला फरक, 'र्कि' मधला रफार, 'ट्टू' चा मनोरा, हे सगळं दोन-तीन ठिपक्यांवर ठरतं. ती चुका स्क्रीनवर शोधत नाही, छापून कागदावर शोधते, कारण स्क्रीनवर दिसतच नाहीत. २७ इंची १०८०पी इथेच बाद. तो खेळायलाही जाड आणि वाचायलाही वाईट.

मग अंतर मोजलं. टेबल दोन फुटी, डोळा ते काच ७० सेंटीमीटर. चांगली नजर साधारण एक कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा कोन ओळखते असं धरलं जातं. ७० सेंटीमीटरवर तो ०.२०४ मिलिमीटर होतो. २७ इंची १४४०पीचा ठिपका ०.२३३ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम दिसेल. फोर-केचा ०.१५६, दिसणार नाही. १४४०पीचे ठिपके दिसेनासे व्हायला ८० सेंटीमीटर हवेत. टेबल भिंतीपासून सरकवलं तर दहा सेंटीमीटर मिळू शकतात. हे लिहून ठेवतो.

२३ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसातल्या मित्राचा मुद्दा लिहितो, कारण तो चुकीचा नाही. "फोर-केच घे. नाही झेपलं तर गेम १०८०पीवर चालव. एका ठिपक्याचे बरोबर दोन बाय दोन होतात, धूसर होत नाही. १४४०पीच्या मॉनिटरवर १०८०पी लावलंस तर १.३३ पट होतं, सगळं पुसट." गणित पक्कं आहे, आणि इंटिजर स्केलिंगचा पर्याय ड्रायव्हरमध्ये आहे. पण मग ८३ लाख ठिपक्यांचे पैसे मोजून २१ लाखांवर खेळायचं, आणि तेही त्या रिझोल्यूशनवर, जिथे माझा प्रोसेसर भिंतीला टेकतो. आजच्या घडीला डीएलएसएसची वाट त्यापेक्षा चांगली आहे.

अल्ट्रावाइडचाही, म्हणजे जास्त रुंद पडद्याचाही, विचार केला. ३४४० × १४४० म्हणजे ४९.५ लाख ठिपके. कार्डाला जड नाही. पण २०२४ मध्ये ३४ इंचावर जीएसटी २८ टक्के होता आणि ३२ इंचापर्यंत १८ टक्के. बजेटमध्ये बसत नाही. खोडला.

३० हजारांत खरे दोनच पर्याय उरले:
एक, २७ इंची १४४०पी, आयपीएस (पडद्याच्या पॅनेलचा एक प्रकार), १८० हर्ट्झ.
दोन, २७ इंची फोर-के, आयपीएस, ६० हर्ट्झ.

किंमत जवळपास सारखी. पहिला माझा, दुसरा तिचा. फोर-के आणि १४४ हर्ट्झ एकत्र हवं असेल तर २०२४ मध्ये किंमत बजेटच्या वर जात होती.

प्रामाणिकपणे लिहितो. तिचे पाच तास आणि माझे दीड तास असं तराजूत टाकलं तर दुसरा पर्याय जिंकतो. शनिवारी दोघं लॅमिंग्टन रोडला जाऊन डोळ्यांनी बघायचं ठरवलं. कागदावर यापुढे जाता येत नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. दिवाळीच्या आधीचा शनिवार, भडकमकर मार्गावर, म्हणजेच लॅमिंग्टन रोडवर, चालायला जागा नव्हती. बहिणीने पेनड्राइव्हवर चार पानांची पीडीएफ घेतली होती, मुद्दाम जोडाक्षरं भरलेली. बहुतेक दुकानात मॉनिटरवर कंपनीचा व्हिडिओ फिरत असतो. रंगीत पक्षी, धबधबे. त्यावरून काही ठरत नाही. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी पीडीएफ लावू दिली आणि दोन्ही मॉनिटर शेजारी ठेवून दिले. "बघा निवांत," म्हणाले. त्या गर्दीत एवढं करणं मोठी गोष्ट होती.

स्थिर पानावर फोर-के सरळ सरस. वादच नाही. ती पुढे वाकून बघत होती आणि प्रत्येक रफार छापल्यासारखा. १४४०पीवर अक्षर नीट, वाचायला स्वच्छ, आमच्या २४ इंचीपेक्षा खूप पुढे, पण शेजारी फोर-के असल्यावर फरक कळतो. मी मनातून १८० हर्ट्झ सोडून दिला होता.

मग तिने पानं वर सरकवली. ती काम करते तशी: नजर ओळीवर, बोट चाकावर, पान हळूहळू वर जातंय आणि ती जाता जाता वाचतेय. ६० हर्ट्झच्या फोर-केवर पान हललं की अक्षरं विरघळत होती आणि थांबलं की परत जमत होती. १८० वर ती हलत असतानाही अक्षरंच राहत होती. तिने पाच-सहा वेळा इकडून तिकडे केलं. काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, मी दिवसभर पानं सरकवते. थांबलेलं पान मी कागदावर बघतेच."

काकांनी त्याच ओळीत ठेवलेला एक क्यूडी-ओलेड (ठिपके स्वतः उजळणारा पडदा) मॉनिटरही दाखवला. काळा रंग असा की डोळे निवतात. पण पांढऱ्या पानावर काळा मजकूर आला आणि शिरोरेघेच्या वरच्या-खालच्या कडेला हिरवट-जांभळट छटा दिसायला लागली. त्या पडद्यात लाल, हिरवा, निळा हे उपठिपके एका ओळीत नसतात, त्रिकोणात असतात, म्हणून आडव्या रेघेच्या कडा रंगतात. रोमन मजकुरात आडव्या रेघा तुटक असतात. आपल्याकडे शिरोरेघ शब्दभर जाते, म्हणून छटाही शब्दभर. शिवाय तेच टूलबार रोज पाच तास जागेवर राहिले की त्यांची खूण पडद्यावर उमटण्याची भीती. आणि किंमत बजेटच्या दुप्पट. नमस्कार करून पुढे निघालो.

व्हीए हा पॅनेलचा आणखी एक प्रकार (युपीएसच्या व्हीएशी संबंध नाही), तोही पाहिला. गडद भागात हलणाऱ्या गोष्टींमागे शेपूट दिसतं. नको.

२७ ऑक्टोबर, रविवार

कालचं जे डोळ्यांना दिसलं ते वहीत मांडतो.

मॉनिटर एक फ्रेम दाखवून पुढची येईपर्यंत तीच धरून ठेवतो. डोळा मात्र अक्षरामागे सरकत राहतो. या दोन्हींतला फरक म्हणजे ती धूसर रेघ. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद थांबते, १८० वर ५.६. पान सेकंदाला १००० ठिपके सरकत असेल तर ६० वर अक्षर सुमारे १७ ठिपके फासलं जातं, १८० वर साडेपाच.

१४४०पीवर आपलं १२ पॉइंटाचं अक्षर १८ ठिपके उंच. १७ ठिपके फासलं म्हणजे अख्खं अक्षर गेलं. साडेपाच गेले तरी अंग उरतं. फोर-केवर तोच वेग १५०० ठिपक्यांचा होतो, म्हणजे २७ पैकी २५ गेले. ठिपके बारीक असून हलत्या पानावर काही उपयोग नाही. गेममध्ये हे मला माहीत होतं, पण दिवाळी अंकाच्या पानालाही तेच लागू होतं हे काल त्या दुकानात उभं राहून कळलं.

जोडपानाचंही मोजलं. अंक सात बाय साडेनऊ इंचांचा. २७ इंची पडदा ५९८ × ३३६ मिलिमीटर. जोडपान खऱ्या आकारात ३५६ × २४१. म्हणजे पूर्ण जोडपान ठेवून बाजूला २४ सेंटीमीटर टूलबारना मोकळे. हे दोन्ही पर्यायांत सारखंच.

निर्णय: २७ इंची, १४४०पी, आयपीएस, १८० हर्ट्झ. कार्ड, प्रोसेसर आणि बहीण, तिघांनीही तेच सांगितलं.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

मॉनिटर आला. खोक्यातून एचडीएमआय केबल निघाली, ती लावली. आधी ६०, कारण विंडोज नवा मॉनिटर बऱ्याचदा ६० वर सुरू करतं. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन बदललं तर यादी १४४ वर संपते. कार्डात एचडीएमआय २.१ आहे, पण मॉनिटरचं तोंड २.० चं, आणि त्यातून १४४०पीला १४४ च्या पुढे जाता येत नाही. डिस्प्लेपोर्ट केबल लावली, १८० आलं. कित्येक घरांत असे मॉनिटर वर्षानुवर्षं ६० वर चालत असतील. नवा मॉनिटर घेतलात तर पहिल्याच दिवशी हे तपासा.

व्हीआरआर चालू केलं, म्हणजे फ्रेम तयार होईल तेव्हाच पडदा बदलतो. २०१९ पासून एनव्हिडियाच्या कार्डांवर साध्या अ‍ॅडाप्टिव्ह सिंक मॉनिटरलाही (व्हीआरआरच्या खुल्या मानकाच्या) हे मिळतं. या मॉनिटरची कक्षा ४८ ते १८०. सायबरपंकचे ९० त्यात मधोमध बसतात. ड्रायव्हरमध्ये फ्रेमची मर्यादा १७७ ठेवली, कक्षेच्या थोडी आत.

काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदे लावून मेलेले ठिपके शोधले. एकही नाही.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, "ओवाळणी टेबलावर आहे ना?" आहे. १०८०पीचा जुना मॉनिटर तिने शेजारी उभा फिरवून लावला आहे, त्यावर हस्तलिखित आणि मोठ्यावर जोडपान.

९ नोव्हेंबर, शनिवार

शेवटची मोजणी. तोच बेंचमार्क, तीच सेटिंग, खऱ्या १४४०पीवर: ९१ फ्रेम. डीएसआरने ऑक्टोबरात सांगितलं होतं ९०. आक्रसण्याचं काम वगळलं की एवढाच फरक. म्हणजे खरेदीच्या आधी घरी बसून केलेली मोजणी विश्वासाची होती.

नवा युपीएस बसला. परवा वीज गेली, गेम चालू होता, बंद करायला सहा मिनिटं मिळाली.

टेबल भिंतीपासून ओढून घेतलं. टेप लावून काचेपासून ८० सेंटीमीटर मोजले आणि खुर्चीचं चाक जिथे यायला हवं तिथे फरशीवर खडूने रेघ मारली. आईने ती सकाळी पुसली. दुपारी बहिणीने तिथे काळी चिकटपट्टी लावली.